कॅन्सरवरची लस: बरी, पण कशाच्या मानाने?

जखम चिघळली की तिच्यातून जे चिकट पाणी झिरपतं त्याला लस म्हणतात. ‘अजून लस येतेय, पट्टी बदल’ हे लहानपणी गुडघे फोडून घेतलेल्या प्रत्येकाने ऐकलं असेल. टोचायच्या औषधालाही हाच शब्द चिकटला, आणि त्यात चूक काहीच नव्हती. देवीची पहिली लस म्हणजे खरोखर गाईच्या देवीच्या फोडातलं पाणीच होतं. पुढे देवीचा रोग गेला, गावोगाव फिरणारे देवी डॉक्टर गेले, शब्द मात्र राहिला. त्याच्यासोबत एक पक्की समजूतही राहिली, की लस रोग व्हायच्या आधी घ्यायची.

म्हणून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कॅन्सरवर लस आली, सर्वांना पाठवा’ असा मेसेज फिरला तेव्हा आत्याचा लगेच फोन आला. ‘‘अगं, लस आली म्हणे. पण ज्याला झालाय त्याला आता टोचून काय उपयोग? पोलिओ झाल्यावर कुणी डोस पाजतं का?’’ मेसेजला हात जोडणाऱ्या चाळीस जणांत हा प्रश्न तिला एकटीलाच पडला होता.

प्रश्न बिनतोड आहे. गेली कित्येक दशकं शास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झटतायत, आणि त्यातली सगळ्यात जास्त झटापट झाली ती मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरवर.

रोग अंगात शिरल्यावर लस ही कल्पना तशी आपल्याला नवी नाही. कुत्रं चावल्यावर आपण इंजेक्शनला धावतो, ते चावल्यानंतरचंच असतं. ते जमतं, कारण रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडे अगदी सावकाश सरकतो आणि तेवढ्या वेळात शरीराची तयारी होते. एकदा लक्षणं दिसू लागली की मात्र त्याच लसीचा काही उपयोग होत नाही. पसरलेल्या कॅन्सरची स्थिती या दुसऱ्या टोकाची. गाठ हाताला लागते तेव्हा ती शरीरात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहिलेली असते. शरीराच्या पहारेकऱ्यांनी तिला पाहिलेलंही असतं आणि सोडूनही दिलेलं असतं. लसीने काम करायचं ते इथून पुढे.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी बिघडून वाढू लागल्या की मेलानोमा होतो. त्वचेच्या कॅन्सरमध्ये तो संख्येने थोडा, पण जीव घेण्यात सगळ्यांच्या पुढे. तिळाएवढा, डागाएवढा असताना कापून काढला तर बहुतेकदा काम तिथेच मिटतं. तोच लसिकाग्रंथींमध्ये, फुप्फुसात, यकृतात, मेंदूत पोचला की गणित पालटतं. अशा रुग्णांसाठी डकार्बाझिन नावाचं केमोचं औषध १९७५ पासून होतं, पण त्याने गाठी थोड्याच जणांच्या आणि थोडाच काळ आटत. १९९८ मध्ये अमेरिकेत इंटरल्यूकिन-२ हे प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध या आजारासाठी मंजूर झालं. ते सोसायला इतकं जड, की अतिदक्षता विभागासारखी तयारी ठेवूनच द्यावं लागे. थोड्या भाग्यवानांना त्याने वर्षानुवर्षं आराम पडला, बाकीच्यांना नाही. पसरलेल्या मेलानोमाचे निम्मे रुग्ण वर्षाच्या आत जायचे असे ते दिवस होते.

मग लस करून पाहायला हाच कॅन्सर का? एक तर तो वरवर असतो. गाठ दिसते, मोजता येते, सुईने तिचा तुकडा काढता येतो. दुसरं म्हणजे डॉक्टरांना अधूनमधून एक विलक्षण गोष्ट दिसायची. एखाद्या रुग्णाच्या अंगावर अचानक कोडासारखे पांढरे डाग उठायचे आणि त्याच सुमाराला गाठीही आक्रसायच्या. रोगप्रतिकारशक्ती रंगाच्या पेशींवर तुटून पडली होती आणि त्या माऱ्यात चांगल्या-वाईट दोन्ही पेशी सापडत होत्या. म्हणजे शरीराला मेलानोमा मारता येतो हे उघड होतं. प्रश्न एवढाच, की त्याच्याकडून हे मुद्दाम करून कसं घ्यायचं?

इथे पोलिसांचं श्वानपथक डोळ्यांसमोर आणा. चोरी झालेल्या घरात चोराचा रुमाल सापडला की तो कुत्र्याला हुंगायला देतात. लस म्हणजे तो रुमाल. कुत्रं म्हणजे रक्तातल्या टी पेशी, ज्या वास ओळखून नेमक्या पेशीला मारतात. आणि रुमाल नाकाशी धरणारा हवालदार म्हणजे डेंड्रायटिक पेशी. या हवालदाराचा शोध राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लावला. त्यासाठी त्यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, पण त्याच्या तीनच दिवस आधी ते स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले होते. आजारपणात त्यांनी स्वतःवर याच पेशींच्या लसी करून घेतल्या आणि अपेक्षेपेक्षा बराच जास्त काळ जगले. लसींमुळे जगले का? एकाच माणसाकडे पाहून ते कुणालाच सांगता येत नाही, आणि इतर कुणाहीपेक्षा हे त्यांना स्वतःला जास्त ठाऊक असणार.

अडचण अशी, की कॅन्सर हा घरातलाच चोर. त्याच्या रुमालाला घरच्यांचाच वास येतो. मेलानोमाच्या पेशीवर जीपी१०० नावाचं प्रथिन असतं, पण ते निरोगी रंगपेशीवरही असतं. घरच्यांच्या वासावर भुंकणारी जातिवंत कुत्री शरीर लहानपणीच बाद करून टाकतं, नाहीतर आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याला फाडून खाईल. मागे उरतात ती जरा मंद नाकाची. जुन्या लसींनी काम करून घ्यायचं होतं ते यांच्याकडून.

तरीही १९९८ मध्ये मोठी आशा निर्माण झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, बेथेस्डा इथे, स्टीव्हन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी जीपी१०० चा एक छोटा तुकडा जरासा बदलून, म्हणजे रुमालाचा वास थोडा उग्र करून, रुग्णांना टोचला. रक्त तपासलं तर ९१ टक्के जणांच्या रक्तात त्या वासावर धावणाऱ्या टी पेशी तयार झालेल्या. जोडीला इंटरल्यूकिन-२ दिलेल्या ३१ पैकी १३ जणांच्या गाठी आटल्या, म्हणजे ४२ टक्के. या आजारात असा आकडा कुणी पाहिलेला नव्हता.

‘गाठी आटल्या’ म्हणजे काय, हे इथे थांबून बघायला हवं, कारण बातमीत हा शब्द फार सैल वापरतात. रेडिऑलॉजिस्ट सीटी स्कॅनवर काही गाठी निवडतो आणि प्रत्येकीची जास्तीत जास्त लांबी मिलिमीटरमध्ये मोजून नोंदवतो. समजा, फुप्फुसातली ५० मिमी, यकृतातली ३०, काखेतली २०. बेरीज १००. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन, पुन्हा त्याच गाठी. बेरीज ७० किंवा त्याहून खाली आली तर ‘प्रतिसाद’. ७५ आली तर नाही, मग रुग्णाला कितीही बरं वाटत असो. आणि तिन्ही गाठी निम्म्या झाल्या पण मेंदूत एक नवा ठिपका दिसला, तर तो रोग वाढल्यात जमा. हा हिशेब रुक्ष वाटतो खरा, पण तो नसता तर प्रत्येक डॉक्टरला आपल्याच औषधाचा गुण आलेला दिसला असता.

रोझेनबर्ग यांनी पुढे जे केलं त्याबद्दल मला त्यांचं विशेष वाटतं. २००४ मध्ये त्यांनी आपल्याच संस्थेतल्या लसींचा हिशेब मांडला. नुसत्या लसी दिलेले ४४० रुग्ण, बहुतेक मेलानोमाचे, आणि त्यात गाठी आटल्या फक्त २.६ टक्के लोकांच्या. रक्तात फौज उभी, गाठ जागच्या जागी. ‘लसीने प्रतिकारशक्ती जागी झाली’ असं वाक्य पुन्हा कधी वाचाल तेव्हा हा २.६ आठवा. शोधनिबंधांत ते वाक्य खोटं नसतं, फक्त रुग्णाला ज्याच्याशी देणंघेणं आहे ते त्यात नसतं.

फौज का लढत नव्हती, याचं एक चकित करणारं उत्तर २०१३ मध्ये टेक्सासच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळालं. लस तेलकट द्रवात घोटून टोचायची रीत होती, म्हणजे ती हळूहळू झिरपत राहील. ती झिरपत राहायचीही. पण त्यामुळे वासाचा सगळ्यात मोठा साठा टोचल्या जागीच राहायचा. टी पेशी तयार व्हायच्या, वास घेत घेत निघायच्या आणि गाठीकडे जाण्याऐवजी त्या तेलाच्या थेंबाभोवती जमून तिथेच मरायच्या. कुत्रं चोरामागे न जाता रुमालापाशीच फिरत राहिलं.

आता त्या ४२ टक्क्यांचं पुढे काय झालं? ३१ जणांवर दिसलेली गोष्ट खरी की योगायोग, हे पाहायला मोठी चाचणी झाली. २१ रुग्णालयं, १८५ रुग्ण. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्म्यांना लस अधिक इंटरल्यूकिन-२, निम्म्यांना नुसतं इंटरल्यूकिन-२. २०११ मध्ये निकाल छापून आला: १६ टक्के विरुद्ध ६ टक्के. लस जिंकली म्हणायची, पण ४२ चे १६ झाले होते. लहान चाचणीत पहिल्यांदा येणारा आकडा जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो. त्यात फसवणूक कुणाची नसते. छोट्या चाचण्या शेकड्याने होतात, त्यातली ज्यांना नशिबाने चांगली माणसं मिळतात त्यांचीच चर्चा होते, एवढं साधं आहे हे.

तोवर दुसरीकडून वीज पडली होती. जेम्स अ‍ॅलिसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने टी पेशींच्या गळ्यातली साखळी ओळखली होती. शरीर आपल्या कुत्र्यांना मोकाट सोडत नाही, त्यांच्या गळ्यात सीटीएलए-४, पीडी-१ अशा साखळ्या असतात. अ‍ॅलिसन यांची कल्पना अशी, की वास देण्याच्या मागे लागण्यापेक्षा साखळीच सोडा. तिच्यातून इपिलिमुमॅब हे औषध आलं. त्याच्या चाचणीत ६७६ रुग्ण होते, तीन गटांत: काहींना औषध आणि जीपी१०० ची लस, काहींना नुसतं औषध, काहींना नुसती लस. २०१० मध्ये निकाल आला. तीन गटांतले निम्मे रुग्ण किती काळ जगले, हे पाहा: औषध अधिक लस १०.० महिने, नुसतं औषध १०.१ महिने, नुसती लस ६.४ महिने.

हे तीन आकडे एका ओळीत लिहून भिंतीवर लावावेत असे आहेत. औषधाने फरक पडला. लसीने त्यात काडीचीही भर घातली नाही. बारा वर्षांपूर्वी जी लस आशेचं केंद्र होती ती इथे फक्त तुलनेपुरती उरली. अ‍ॅलिसन आणि पीडी-१ शोधणारे जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पीडी-१ ची साखळी सोडणारी औषधं आल्यावर तर चित्रच बदललं. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब ही दोन्ही एकत्र घेतलेल्या पसरलेल्या मेलानोमाच्या रुग्णांपैकी ४३ टक्के लोक दहा वर्षांनीही हयात असल्याचं २०२४ मध्ये छापून आलं. जिथे वर्ष निघत नव्हतं तिथे दहा वर्षं!

लसवाल्यांच्या वाट्याला मात्र अपयशांची रांग आली. त्यातलं कॅनव्हॅक्सिनचं प्रकरण सांगण्यासारखं आहे, कारण त्यात आपल्या सगळ्यांच्या दंडावरची बीसीजी आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचे सर्जन डोनाल्ड मॉर्टन यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेलानोमाच्या तीन प्रकारच्या पेशी किरणांनी निकामी करून त्यांची लस केली. पहिले डोस बीसीजीबरोबर द्यायचे, म्हणजे क्षयाच्या लसीने खवळलेली प्रतिकारशक्ती शेजारच्या कॅन्सरपेशींचीही दखल घेईल. जुन्या नोंदींतल्या रुग्णांशी ताडून पाहता लस घेतलेले जास्त जगत होते. मग खरी चाचणी झाली. दोन्ही गटांना बीसीजी, एकाला लस, दुसऱ्याला तसंच दिसणारं निरुपद्रवी द्रावण. दोन चाचण्यांत मिळून सोळाशेच्या वर रुग्ण. २००५ मध्ये दोन्ही थांबवाव्या लागल्या, कारण लसीचा फायदा दिसत नव्हता. मग जुन्या नोंदींत तो का दिसला होता? लसीसाठी जो महिनोन्‌महिने दवाखान्यात येऊ शकतो तो मुळातच जरा धडधाकट असतो. रोग भराभर वाढणारा माणूस लस सुरू होईपर्यंत टिकतच नाही. लस घेणारे जास्त जगले, हे खरं. लसीमुळे जगले, हे त्यातून निघत नाही.

मेज-ए३ नावाच्या प्रथिनावरच्या लसीची गोष्टही तीच. ब्रसेल्समध्ये थिएरी बून यांच्या चमूने १९९१ मध्ये या कुळातला पहिला जीन शोधला. पुरुषांच्या वृषणातल्या पेशी सोडल्या तर निरोगी शरीरात त्याचा वास नसतो. म्हणजे रुमाल जवळजवळ फक्त चोराचा. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने त्यावर लस केली आणि गाठ काढून झालेल्या १,३४५ रुग्णांवर तपासली. रोग परत येईपर्यंतचा मधला काळ लसीच्या गटात ११.० महिने, नुसत्या द्रावणाच्या गटात ११.२. पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

मग आज पुन्हा लसीची चर्चा का? दोन कारणं. एक म्हणजे आता साखळी सोडणारं औषध हाताशी आहे, तेव्हा वास देण्याला अर्थ आला. दुसरं, रुमाल प्रत्येकाचा वेगळा काढता येऊ लागला. मेलानोमाच्या पेशीत उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएमध्ये शेकडो चुका केलेल्या असतात. त्यातल्या काही चुकांमुळे असे प्रथिनांचे तुकडे तयार होतात जे त्या माणसाच्या निरोगी पेशीत कुठेच नसतात. हा खास चोराचाच वास. आणि लहानपणी शरीराने या वासाची कुत्री बाद केलेली नसतात, कारण तेव्हा हा वासच नव्हता. भानगड एवढीच, की दोन रुग्णांच्या चुका सारख्या नसतात. म्हणून लस एकेका माणसासाठी शिवायची, रेडिमेड चालत नाही.

ती शिवतात कशी? गाठ काढली की तिचा तुकडा आणि रुग्णाचं थोडं रक्त प्रयोगशाळेत जातं. दोन्हींतला डीएनए अक्षर अन् अक्षर वाचून ताडतात. रक्तात नाही आणि गाठीत आहे, ती चूक. अशा चुकांच्या ढिगातून संगणक ठरवतो, की कुठले तुकडे या रुग्णाच्या टी पेशींना नीट दाखवले जातील. मॉडर्ना आणि मर्क कंपन्यांच्या लसीत असे जास्तीत जास्त ३४ तुकडे एका एमआरएनएच्या, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची कृती सांगणाऱ्या, धाग्यात ओवतात. कोव्हिडच्या एमआरएनए लसीसारखंच तो धागा चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळून दंडात टोचतात. दर तीन आठवड्यांनी एक, असे नऊ डोस. दोन दिवस थकवा, दंड दुखणं, हुडहुडी, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलंच. सगळ्या कामात काही आठवडे जातात, आणि त्या आठवड्यांत रोग थांबून राहत नाही.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. म्हणूनच या लसीची मुख्य चाचणी, कीनोट-९४२, ज्यांच्या गाठी शस्त्रक्रियेने पूर्ण काढल्या आहेत पण रोग परतायचा धोका मोठा आहे अशा रुग्णांवर झाली. अंगभर गाठी असलेल्या माणसाच्या गाठी वितळल्या, असं त्यात कुठेही झालेलं नाही. फिरणाऱ्या मेसेजमध्ये हे कधीच लिहिलेलं नसतं.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले १५७ रुग्ण. १०७ जणांना लस अधिक पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे पीडी-१ ची साखळी सोडणारं औषध, आणि ५० जणांना नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब. दीड वर्षाने रोग न परतता असलेले: लसीच्या गटात ७९ टक्के, दुसऱ्या गटात ६२. रोग परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी, ही ती प्रसिद्ध ओळ. खरे आकडे असे: १०७ पैकी २४ जणांचा रोग परतला किंवा ते गेले, ५० पैकी २० जणांचा. पन्नासच्या गटात दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी केवढी हलेल, ते तुम्हीच पाहा. शिवाय कुणाला लस मिळतेय हे रुग्णालाही माहीत होतं आणि डॉक्टरलाही.

आता एक गंमत. योगायोगाचा हिशेब करायला ‘पी’ नावाचा आकडा काढतात. लसीचा काहीच उपयोग नसता, तरी निव्वळ नशिबाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ते तो सांगतो. कीनोट-९४२ मध्ये तो ०.०५३ होता, म्हणजे शंभरात पाचाच्या किंचित वर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या आयओ बायोटेक कंपनीच्या लसीचा निकाल आला. ही लस सगळ्यांना एकच, तयार बाटलीतली. चोराचा वास देण्याऐवजी चोराला आसरा देणाऱ्या पेशींचा वास ती देते. कोपनहेगनजवळच्या हेरलेव्ह रुग्णालयात पहिल्या ३० रुग्णांत, निव्होलुमॅबच्या जोडीने, ८० टक्के लोकांच्या गाठी आटल्या होत्या. (४२ चे १६ आठवले ना?) मोठ्या चाचणीत पसरलेल्या मेलानोमाचे ४०७ रुग्ण होते. पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर लस मिळालेल्यांपैकी निम्म्यांचा रोग १९.४ महिने आटोक्यात राहिला, नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब मिळालेल्यांपैकी निम्म्यांचा ११.० महिने. फरक मोठा वाटतो. पण पी आला ०.०५६, आणि आधी ठरवलेली रेघ होती ०.०४५. चाचणी नापास. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आकड्यांवर मंजुरीचा अर्ज करू नका असंच सुचवलं.

०.०५३ ला टाळ्या आणि ०.०५६ ला नकार, हा कुठला न्याय? मीही आधी चिडले होते. पण दोघी वेगवेगळ्या परीक्षांना बसल्या होत्या. पहिली दुसऱ्या टप्प्याची, लहान. ‘यावर मोठी चाचणी करण्याइतपत यात काही आहे का?’ एवढंच तिला विचारायचं होतं, आणि रेघ आधीच सैल ठेवली होती. दुसरी तिसऱ्या टप्प्याची. ‘हे औषध हजारो माणसांना द्यायचं का?’ हा तिचा प्रश्न. शाळेतल्या चाचणीचे आणि बोर्डाचे गुण शेजारी शेजारी ठेवून भांडता येत नाही. आणि निकाल हाती आल्यावर रेघ सरकवायची मुभा दिली, तर काठावरची प्रत्येक लस पास झाली असती. तरी मनापासून सांगते, १९.४ आणि ११.० पाहून हळहळ वाटतेच.

आत्यासारख्या आपल्या लोकांसाठी यात काय आहे? गोऱ्या त्वचेच्या मानाने आपल्याकडे मेलानोमा फार कमी. पण होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो, जिथे उन्हाचा संबंध नाही. गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. तळपायावरचा काळा डाग आपल्याकडे कुरूप समजून घासला जातो, नखाखालची काळी रेघ दारात बोट चेमटल्याची समजली जाते. डॉक्टरकडे जाईपर्यंत उशीर झालेला असतो. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: या तळपायाच्या मेलानोमात उन्हाने केलेल्या चुका नसतात, म्हणून वेगळे वासही कमी. साखळी सोडणारी औषधंही त्यावर जरा कमीच चालतात. बोस्टनमधल्या किंवा ब्रिस्बेनमधल्या रुग्णाचा आकडा उचलून कोल्हापूरच्या रुग्णाला लावता येणार नाही.

आणि कुणी ‘कॅन्सरची लस’ म्हणून लाखांचं बिल पुढे केलं तर तो प्रयोग नाही, विक्री आहे. खऱ्या चाचणीत प्रायोगिक लसीचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. भारतातल्या प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, आणि ती इंटरनेटवर कुणालाही उघडून पाहता येते.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं, बरंचसं कापून. मॉडर्ना-मर्कच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी २०२३ च्या जुलैमध्ये सुरू झाली, हेही. त्यात सुमारे अकराशे रुग्ण आहेत. सगळ्यांच्या गाठीचा तुकडा घेतला जातो, सगळ्यांच्या दंडात नऊ वेळा सुई टोचली जाते, पण काहींच्या सिरिंजमध्ये त्यांच्यासाठी शिवलेली लस असते आणि काहींच्या नुसतं द्रावण. रुग्णाला ते माहीत नसतं, डॉक्टरलाही नसतं. आणि निकालाची तारीख कॅलेंडरवर ठरत नाही. दोन्ही गटांत मिळून ठरावीक इतक्या जणांचा रोग परतला की मगच लिफाफे उघडतात.

‘‘म्हणजे कुणाचा तरी रोग परतायची वाट बघायची?’’ आत्याने विचारलं.

‘‘हो.’’

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘माझ्या टाचेला ते कुरूप आहे ना गेल्या वर्षीपासून, ते काळं पडलंय. दाखवून येऊ का?’’